पियानोवाला जावई

दुबई, ८ नोव्हेंबर २०२५

ती. हेमाताईस, विभाचा सा. न. वि. वि.

फोनवर बोलताना नाना शेजारीच बसलेले असतात, म्हणून हे पत्र मेलवर. आई गेल्यापासून ते फक्त हो आणि नको एवढंच बोलतात. जेवतात, बाल्कनीत बसून जबल अली बंदराकडे जाणाऱ्या बसेस बघतात, खलास. आईचं नाव काढलं की उठून आत जातात.

अल कूझच्या एका छोट्या थिएटरात येत्या शनिवारी १९३०च्या दशकातला एक हंगेरियन विनोदी बोलपट आहे. पियानो दुरुस्त करायला आलेल्या माणसाला घरचे मुलीचा होणारा नवरा समजतात! आई सांगायची तो हाच ना गं? नेऊ का नानांना? भीती वाटते. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी विभा


पुणे, ११ नोव्हेंबर

चि. विभास अनेक आशीर्वाद, आणि एवढी काळजी करतेस म्हणून एक धपाटा.

तोच गं तो! लग्नानंतरचा दोघांचा पहिला सिनेमा. फिल्म सोसायटीचा खेळ, सगळं हंगेरियनमध्ये, खाली अक्षरंही नाहीत. आई नानांच्या कानात मनानेच मराठी संवाद रचून सांगत बसली. नाना म्हणायचे, तोवर ही मुलगी मला परकीच होती.

ने त्यांना. रडले तर रडू देत. तुझ्या लेकीला, आभाला पापा, आणि माझ्यावर अशीच माया ठेव.

तुझी ताई


दुबई, १६ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

नेलं. आभा त्यांच्या कानाशी सबटायटल्सचं मराठी करत होती, तेही अर्धं इंग्लिशच. थोड्या वेळाने नानांनी तिला थांबवलं. म्हणाले, चुकीचं सांगतेस, आजीचं वेगळं होतं. आणि स्वतःच सुरू झाले! पडद्यावरची सासू तावातावाने काही बोलली, की नाना आईच्या सुरात सांगणार, जावईबापू, आमची पेटी बेसूर आहे, पोरगी नाही. मागच्या रांगेतून श्श झालं. मी शरमले, पण हसू आवरेना. आभा तर खुर्चीतून घसरली.

शेवटी पियानोवाला खरं सांगून निघतो आणि मुलगी त्याच्यामागे धावते. तिथे नाना गप्प झाले. आभाने इंग्लिशमध्ये विचारलं, इथे आजी काय म्हणाली होती? ते म्हणाले, इथे ती काहीच बोलली नाही, तिने माझा हात धरला.

मग नाना रडले, गं. आई गेल्यावर पहिल्यांदाच. दिवे लागले, लोक गेले. आम्ही तिघं बसून राहिलो, आणि झाडायला आलेल्या माणसाने दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली.

तुझ्या मायेतली,
विभा