‘नाही’चा रियाज आणि झोपलेला ससा

१ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. कुणालाही दाखवायची नाही. पुढेमागे चरित्रकाराने मागितलीच तर बघू.

निमित्तही तसंच आहे. नवउद्योजकांच्या मेळाव्यात भाषणाचं आमंत्रण आलंय. विषय माझ्यावर सोडलाय. बायको म्हणाली, आयत्या वेळी कुणीतरी गळालं असेल. दुर्लक्ष केलं. बारा वर्षं क्रिएटिव्ह एजन्सी चालवणाऱ्या माणसाकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं. विषय ठरवून टाकला: ‘नाही म्हणायला शिका’.

१ मार्च, संध्याकाळ
गादीवाल्यांचा फोन. ते आमचे सगळ्यात मोठे क्लायंट. बाकीचेही आहेत, पण ते सध्या विचार करताहेत. नव्या गादीच्या जाहिरातीतला ससा मोठा करा म्हणाले. झोपलेला ससा हा त्यांचा लोगो. आमची डिझायनर म्हणाली, सर, तो आधीच उशीएवढा झालाय, या वेळी तरी नाही म्हणा. तिला समजावलं, की नाही म्हणायलाही वेळ यावी लागते.

ससा मोठा केला.

४ मार्च
भाषणाचं पहिलं वाक्य झालं: ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याचा धंदा दुसरेच चालवतात. लिहून स्वतःच थक्क झालो. कॉपीरायटरला वाचून दाखवलं. त्याने विचारलं, हे कुठून सुचलं? म्हटलं, अनुभवातून. त्याला अचानक खोकला आला.

संकल्प: रोज सकाळी आरशासमोर दहा वेळा ‘नाही’ म्हणायचं. स्पष्ट, शांत, न हसता.

५ मार्च
आरशासमोर सहाव्या ‘नाही’ला उत्तम सूर लागला होता. तेवढ्यात बायकोने बाहेरून विचारलं, दूध आणून देता का? हो म्हणालो. घरातलं धरायचं नाही.

७ मार्च
गादीवाले स्वतः ऑफिसात. बीनबॅगवर बसले आणि उठता येईना. कॉपीरायटरने एक हात धरला, मी दुसरा. उभे राहिल्यावर जाहिरात बराच वेळ न्याहाळली. माझ्याकडेही न्याहाळून बघितलं. मग म्हणाले, ससा अजून जरा मोठा हवा.

वर्षाचा करार महिनाअखेर संपतोय. तो पुढे चालू राहिला तर एजन्सी आहे, नाहीतर कुलूप. तरीही आज नाही म्हणायचंच, असं पक्कं ठरवून आलो होतो. तोंड उघडलं. बाहेर पडलं ते: किती मोठा?

डिझायनर म्हणाली, आता गादीचा नुसता कोपरा दिसतोय. मी म्हटलं, यालाच मिनिमलिझम म्हणतात. तिने कपाळाला हात लावला. ही पिढी फार लवकर थकते.

११ मार्च
भाषणाची रंगीत तालीम. श्रोते: डिझायनर, कॉपीरायटर आणि एसी दुरुस्त करायला आलेला माणूस. भाषण भलतंच रंगलं. ज्या कामात जीव गुदमरतो ते सोडा! ज्याच्या हाताखाली वाढ खुंटते त्याला हात जोडा आणि बाहेर पडा! एसीवाल्याने शिडीवरून टाळ्या वाजवल्या. डिझायनर चक्क लिहून घेत होती. इतक्या वर्षांत माझं बोलणं तिने पहिल्यांदाच लिहून घेतलं. कॉपीरायटरने विचारलं, बाहेर पडायचं ते लगेच, की पगार झाल्यावर? म्हटलं, मनात आलं त्या दिवशी!

दोघांचेही डोळे पाणावले होते. एसीतली धूळही असेल.

१४ मार्च
गादीवाल्यांना भाषणासाठी पहिल्या रांगेचं आमंत्रण दिलं. क्लायंटशी संबंध कसे असावेत, याचा जिवंत पुरावा लोकांसमोर असलेला बरा. त्यांनी जाता जाता सशाची आठवण करून दिली. डिझायनरला म्हटलं, रविवारी येऊन तेवढा मोठा करून टाक. ती म्हणाली, नाही.

एवढंच. ना कारण, ना सबब. ऊर भरून आला. शिकवण लागू पडतेय.

१६ मार्च, रविवार
मीच आलो. सॉफ्टवेअर माझं काही ऐकेना. ससा मोठा करायला गेलो तर फक्त रुंद झाला. आता तो गाभण वाटतो. तसाच पाठवला. गादीवाल्यांचा फोन आला. हाच ना ससा, असं दोनदा विचारलं, मग म्हणाले, ठीक आहे. त्यांना आवडलेला दिसतोय.

२० मार्च
आज इतिहास घडला. सभागृह अर्धं भरलेलं. उरलेलं अर्धं जेवणाच्या रांगेत. पण मी सुटलो होतो. कागदात नसलेलंही सुचत गेलं. मित्रांनो, जुनी ओळख म्हणून सवयीला चिकटू नका! भिडेखातर चालवलेला व्यवहार दोघांनाही बुडवतो! पहिल्या रांगेत गादीवाले मान खाली घालून आमंत्रणपत्रिकेच्या मागे भराभरा लिहीत होते. शेवटी त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाले, साहेब, तुम्ही माझे डोळे उघडलेत.

करार पक्का समजायचा.

बायकोला सांगितलं. तिने विचारलं, डोळे उघडल्यावर त्यांना काय दिसलं, ते विचारलंत का? अशा वृत्तीची माणसं उद्योजक होऊ शकत नाहीत.

२४ मार्च
डिझायनर आणि कॉपीरायटर दोघं एकदमच केबिनमध्ये आले. वाटलं पगारवाढ. निघाले राजीनामे. दोघं मिळून स्वतःची एजन्सी काढताहेत. दोन वर्षं मनात होतं, पण माझी भीड पडायची म्हणे. तालमीने बळ दिलं. जाताना मला एक रोप देऊन गेले. त्याला आठवड्यातून एकदाच पाणी घाला, जास्त नको, असं तिने दोनदा बजावलं.

तोंडभर शुभेच्छा दिल्या. खोटं कशाला लिहू, ती दोघं जिना उतरेपर्यंत दारातच उभा होतो. फार गुणी पोरं.

पण दुसरी बाजूही आहे. सुटसुटीत एजन्सी हेच उद्याचं भविष्य. गादीवाल्यांचं काम एकटा सांभाळीन. रोपाला पाणी घातलं.

२६ मार्च
गादीवाले आले. या वेळी खुर्चीवर बसले. चहा नको म्हणाले, तेव्हाच काहीतरी शंका यायला हवी होती.

करार पुढे चालवणार नाहीत. चार वर्षं सांगायचं होतं, पण धीर होत नव्हता म्हणे. मी कशालाच नाही म्हणत नसे, मग मला दुखवायचं कसं? ससा मोठा करा म्हटलं, की त्यांना वाटायचं, आता तरी हा माणूस चिडेल, अडवेल, निदान हे वाईट दिसतंय एवढं तरी सांगेल. मी आपला विचारायचो, किती मोठा?

काम डिझायनरला दिलंय. तिने पहिल्याच बैठकीत सांगितलं, ससा कोपऱ्यात बसेल, नखाएवढा. मान्य नसेल तर दुसरीकडे जा. गादीवाल्यांनी जागच्या जागी सही केली. म्हणाले, त्या दिवशी कित्येक वर्षांनी शांत झोप लागली. गादी बनवणारा माणूस हे सांगतोय.

शेवटचं विचारलं, मी लहान करून दिला असता, अजून देतो, चालेल का?

ते म्हणाले, नाही. स्पष्ट, शांत, न हसता. मी आरशासमोर म्हणायचो, अगदी तसं.

२७ मार्च
काही नाही. रोपाला पाणी घातलं.

३१ मार्च
मेळाव्याच्या आयोजकांचा फोन. माझ्या सल्ल्याने कुणाचं आयुष्य बदललं असेल तर नंबर द्या म्हणाले. आजवर एकाही वक्त्याला देता आला नव्हता. मी दोन दिले, गादीवाल्यांचा आणि डिझायनरचा. संध्याकाळी पुन्हा फोन. पुढच्या वर्षीच्या भाषणासाठी त्यांनी माणूस पक्का केलाय. डिझायनर.

४ एप्रिल
ऑफिसची किल्ली मालकाला परत केली. रोप घरी आणलं. कुजलंय. बायको चहा देऊन शेजारी बसून राहिली. बोलली असती तर बरं झालं असतं.

९ एप्रिल, सकाळ
डिझायनरचा फोन. काम वाढलंय, क्लायंटचं तासन्‌तास ऐकून घेणारा कुणीतरी हवा. तुमच्याइतकं शांतपणे कुणी ऐकत नाही, सर, याल का आमच्याकडे? फक्त सशाचं माप मी ठरवणार.

म्हटलं, विचार करून कळवतो.

बारा वर्षं ज्याने एजन्सी चालवली, तो आपल्याच डिझायनरच्या हाताखाली? प्रश्नच येत नाही. आरशासमोर उभा राहिलो. दहाच्या दहा ‘नाही’ सणसणीत. इतका सूर यापूर्वी कधीच लागला नव्हता. बायकोने बाहेरून विचारलं, कोणाशी भांडताय? म्हटलं, नंतर कळेल.

९ एप्रिल, दुपार
फोन लावला. घसा साफ केला. ती म्हणाली, बोला सर.

विचारलं, सकाळी किती वाजता यायचं?

साडेनऊ म्हणाली. मला दहा म्हणायचं होतं. बरं म्हणालो.