काकांची टाकी

३ ऑगस्ट
आलो बुवा एकदाचा! नदीकाठच्या घरांच्या सेप्टिकच्या टाक्या सांभाळायचं काम, आणि राहायला घरमालक काकांच्या परसातली खोली. एक दार, एक गजांची खिडकी, एक खाट. हिला फोन केला, तर म्हणाली, आधी हात धुवा, मग बोला. आठवा लागलाय तिला, पण जीभ काही थकलेली नाही. पुढच्या रविवारी घरी येतो म्हणून शब्द दिलाय.

५ ऑगस्ट
काम झकास चाललंय. पहारीने झाकणावर दोनदा ठोकायचं, मग थांबून कान द्यायचा. पोकळ वाजलं तर जागा आहे, बद्द वाजलं तर भरली. काकांचं आयुष्य याच धंद्यात गेलं. त्यांनी बजावलंय, पुराच्या दिवसांत टाकी उपसायची नाही. जमिनीत पाणी चढलं की रिकामी टाकी उचलून वर येते. त्यांची स्वतःची तर कधीच उपसायची नाही. तिच्या झाकणावर दगड रचलेत. माझ्या आधीचा माणूस कुठे गेला, असं विचारलं. न सांगता गेला म्हणाले, आणि विषय बदलला.

७ ऑगस्ट
काका मुलीकडे गेलेत. सहज दगडांच्या फटीतून त्यांच्या झाकणावर दोनदा ठोकलं. बद्द. मग आतून कुणीतरी दोनदा ठोकलं. पाइपात हवा अडकली असणार. एकटाच हसलो.

८ ऑगस्ट
स्वच्छ ऊन. काकांच्या न्हाणीत घाण उलटी यायला लागली, वासाने डोकं उठलं. ते येईपर्यंत चकाचक करून ठेवू म्हटलं. दगड उतरवले, गाडी बोलावली, टाकी तळापर्यंत उपसली. तळाशी एक पहार होती, अगदी माझ्यासारखी. गाडीवाल्याने ती बघितली आणि चहालाही थांबला नाही. टाकीत पाणी उद्या भरेन.

९ ऑगस्ट
कुठला उद्या! वरच्या धरणातून पाणी सोडलंय. रस्ता बुडाला. नसता शहाणपणा केला मी.
काकांना फोन लावला. त्यांनी घराचं काही विचारलं नाही, टाकी भरलेली आहे ना, एवढंच. उपसली म्हणालो. तर काका रडायलाच लागले. आधीच्या माणसाला त्यांनीच आत उतरवलं होतं. वायूने तो खाली कोसळला. बोभाटा नको म्हणून झाकण लावलं, वरून पाणी सोडलं. तेव्हा तो आतून ठोकत होता, म्हणाले. अजूनही ठोकतो. टाकी भरलेली असली की तो वर येत नाही, पण रिकामी –
फोन बंद पडला. काल तळाशी तर पहारीशिवाय काहीच नव्हतं.

१० ऑगस्ट
टाकी वर आलीय. जमीन फोडून, तरंगत, थेट माझ्या दाराला टेकलीय. दार हलत नाही. खिडकीचे गज हलत नाहीत. ओरडून घसा बसला. पाणी गुडघ्यापर्यंत.
आज रविवार. ही वाट बघत असेल.

दुपार
टाकीचं झाकण उघडलंय. खिडकीतून दिसतं. आत कुणी नाही.

खाटेवर उभा आहे. पाणी छातीशी. वही डोक्यावर धरून –
तो बाहेरून भिंतीवर ठोकतोय. दोनदा. मग थांबतो. कान देतो.
खोली अजून पोकळ वाजतेय. म्हणून थांबलाय. मला भीती वाटते गं, फार –

पुन्हा दोनदा.
आता बद्द –