यांच्या शेजारची जागा

मी, वच्छला याकोब तिरपुडे, वय एकाहत्तर, धंदा ताडपत्री शिवणे, राहणार वाडी, अमरावती रोड, नागपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाशिवाय करते. मजकूर मी सांगितला, वकिलांनी टाइप केला आणि मी तो स्वतः मोठ्याने वाचून पाहिला. शाळा मी पाहिलेली नाही. वाचायला कशी शिकले ते पुढे येईल. यापूर्वी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात मी मुलगा अश्विन याच्यावर सगळा भरवसा टाकला होता.

१. वाडी येथील तीन खोल्यांचे घर, मागच्या शेडसह, माझ्या नावावर आहे. माझे यजमान याकोब यांनी आणि मी ट्रकांच्या ताडपत्र्या शिवून ते बांधले. माझ्यानंतर ते अश्विन आणि मुलगी पिंकी यांनी सारखे वाटून घ्यावे. या कागदाच्या मसुद्यातून अश्विनचे नाव मी वकिलांना एकदा काढायला लावले होते. कारण कलम तीनमध्ये आहे. दुसऱ्या दिवशी जाऊन ते पुन्हा घालायला लावले. आपली जागा परस्पर दुसऱ्याला दिलेली पाहून काय होते ते मला कळले आहे. तसे मी माझ्या पोराला करणार नाही. त्याने याला माफी समजू नये. माफ करायचे बळ मी रोज प्रार्थनेत मागते. अजून पुरते मिळालेले नाही.

२. बँकेत जे शिल्लक असेल त्यातून माझ्या दफनाचा खर्च भागवून उरलेले पिंकीला द्यावे. यजमानांची दाभणे, मेणाचा गोळा आणि ताडपत्रीला रिंगा ठोकायची हातोडी आमच्या शेडमध्ये शिवणारे कवडू शेंडे यांना द्यायची होती. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असे वकील म्हणाले. म्हणून ती आजच त्यांच्या हातात दिली. ते म्हणाले, "वहिनी, तुमी अजून लय वर्षं शिवता. मले आत्ताच काहून देऊन राहिल्या?" मी म्हटले, "लागली तं मागून घेईन गा, कवडूभाऊ. तुमी कुठी पळून चालले?"

३. आता ज्यासाठी हा कागद केला ते. यजमान गेले तेव्हा आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कबरस्थानात जोडकबर घेतली. एका बाजूला ते, दुसरी बाजू माझी. दगडावर दोघांची नावे कोरली आणि माझ्या मृत्यूच्या तारखेपुरती जागा कोरी ठेवली. आमच्यात अशी रीत आहे. तो दगड मला वाचता येत नव्हता. पिंकीने माझे बोट धरून अक्षरांवरून फिरवले. आयुष्यात मी वाचलेला पहिला शब्द म्हणजे त्या दगडावरचे माझे नाव. मग ट्रकांच्या पाठी, गोदामांच्या पाट्या आणि शेवटी उपासनेतली गीते.

यंदा रामदासपेठेत माझ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. नंतर मी हिंगण्याला पिंकीकडे होते, तेव्हा अश्विनची सासू सिंधूताई वारली. तिला तिच्या गावी पुरले, असे अश्विनने मला फोनवर सांगितले. मी तिच्यासाठी रडले. पुढे ईस्टरच्या आदल्या दिवशी चुन्याची बादली आणि कुंचला घेऊन मी कबर रंगवायला गेले. माझ्या नावावर सिमेंट फासले होते, त्यावर नवी फरशी. नव्या डोळ्याने मी अक्षर अक्षर लावून वाचले: सिंधूताई.

कबरस्थान भरले आहे. आता फक्त घरच्या कबरीत घरचे माणूस ठेवता येते. कमिटीने अश्विनला विचारले, आईची संमती आहे का? तो म्हणाला, आहे. मंडळीने सिंधूताईला तिथे माती दिली. मी परतल्यावर रविवारी उपासनेत माझा हात हातात घेऊन, डोळा कसा आहे, असे सगळ्यांनी विचारले. एकानेही तोंड उघडले नाही.

घरी येऊन मी अश्विनला धारेवर धरले. तो म्हणाला, "आई, सांगणारच होतो. तुह्या डोळ्याची पट्टी सुटू दे म्हटलं."

"पट्टी डोळ्याले होती बाबू, कानाले नोती."

सून प्रीती रडायला लागली. "माह्या मायले कुठी नेलं असतं, आई? गावात कोणीच नाही उरलं."

"मले विचारायचं होतं वं. मी नाही म्हटलं असतं का?"

खरे सांगायचे तर मी काय म्हटले असते ते मलाही माहीत नाही. ते कळायची संधीच त्यांनी मला ठेवली नाही.

४. मग मला एकच घोर लागला, मी कुठे जाणार? पाळकसाहेबांकडे गेले, कमिटीकडे गेले, दुसऱ्या मंडळीच्या कबरस्थानातही विचारून आले. जागा कुठेच नव्हती. जेवताना तेच, शिवताना तेच. एके दुपारी एक ड्रायव्हर ताडपत्री बांधून झाल्यावरही सारखा ढगांकडे पाहत उभा होता. यजमान अशा ड्रायव्हरला म्हणायचे, "बांधली ना नीट? मंग वर पाहू नको, गाडी काढ." तेच माझ्या तोंडून निघाले. ड्रायव्हर गेला आणि मी शेडमध्ये बसून राहिले. ज्या प्रभूच्या हाती मी यांना सोपवले, त्याच्याकडे माझ्यापुरती जागा नसेल का? त्या दिवसापासून मी विचारत फिरणे बंद केले. दुःख आहे तसेच आहे. घोर मात्र मी सोडला. तो पुन्हा येतो, मी पुन्हा सोडते.

५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी पिंकीने करावी. जिथे पहिल्यांदा "जागा आहे" म्हणतील तिथे मला पुरावे, मग ती भिंतीलगत असो की परगावी. माझ्या नावाने "आईची संमती आहे" असे कोणीही म्हणू नये. माझी संमती या कागदात आहे तेवढीच.

६. अश्विन आता म्हणतो, "आई, मी अर्ज करतो. सासूले काढून दुसरीकडं ठेवतो, तुही जागा तुले वापस." असे माझ्या हयातीत किंवा नंतर कोणीही करू नये. सिंधूताईने माझी जागा मागितली नव्हती. जिवंतपणी तिचे आणि यांचे पाच मिनिटे पटत नसे. ती बोलत राहायची, हे उठून जायचे. आता उठता येत नाही, तेव्हा ऐकून घ्यावे. पुरलेल्या माणसाला उठवायचा हक्क एका प्रभूलाच आहे. तो उठवेल त्या सकाळी मी जिथे असेन तिथून चालत येईन आणि यांना शोधून काढीन. वाटेतल्या पाट्या मला आता वाचता येतात.

सही: वच्छला याकोब तिरपुडे

वच्छलाबाईंनी वरील मजकूर आम्हाला वाचून दाखवला आणि आमच्यासमोर सही केली. आम्हीही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार:
कवडू शेंडे, ताडपत्री कारागीर, वाडी
मीराबाई देवाजी रंगारी, शेजारीण, वाडी

ठिकाण: वाडी, नागपूर
दिनांक: ७ जुलै २०२५