ब्रेक कुणी दाबला

प्रिय भूषण,

आशीर्वाद तर आहेतच, पण त्यासोबत रागही आहे, आणि तो थोडाथोडका नाही. फोनवर तू हल्ली दोन वाक्यांत उरकतोस, अक्का, कॉल रेकॉर्ड होतात म्हणतोस, म्हणून हा कागद. कागद तरी मध्येच कट होणार नाही.

इकडे पिंप्राळ्यात सगळं चाललंय म्हणायचं. तुझ्या भाचीची, डिंपलची परीक्षा झाली. तुझे दाजी कामावर रिक्षानं जातात. गाडी धुळ्याच्या शोरूमच्या मागच्या अंगणात पडून आहे. पडू दे, सडू दे. तिचं नाव घरात कोणी काढत नाही.

आठवतं ना, गाडी घ्यायची ठरली तेव्हा माझे सासरे, आबा, साधी जीप घ्या म्हणून मागे लागले होते. गावाकडचे, रावेरचे रस्ते, शेतातलं येणं-जाणं, दोन पोती टाकली तरी चालेल अशी. पण दाजी ऐकतात का! मेहुणा त्याच कंपनीत, गाडीचं डोकं तोच बनवतो, मग आपल्याला कोण फसवणार? आपल्याकडे बापा, बॉनेट उघडून कोणी बघत नाही, सोयरा कुठे कामाला आहे ते बघतात. आणि तूही छाती फुगवून म्हणालास, डोळे झाकून घ्या. घेतली की रे डोळे झाकून!

महिनाभरात तो पुढचा स्क्रीन काळा पडायला लागला. चालत्या गाडीत काचा आपोआप खाली. एकदा भर उन्हात दीपनगरजवळ दारंच उघडेनात, मी आणि डिंपल आत घामानं न्हालो. दोनदा गाडी धुळ्याला नेली. तिथला माणूस लॅपटॉप लावून म्हणाला, ताई, सॉफ्टवेअर आहे, आमच्या हातात काही नाही. मग कुणाच्या हातात आहे? तुला विचारलं तर तुझं एकच, अपडेट येईल. माय वं! जावयाची वाट पाहावी तशी आम्ही त्या अपडेटची वाट पाहिली. पूर्वी मेकॅनिकला तोंडावर चार शिव्या देता यायच्या. आता शिव्या द्यायलाही माणूस सापडत नाही.

आणि मग ते झालं. दाजी आबांना डोळे दाखवायला रावेरहून जळगावला आणत होते. सावद्याच्या पुढे चांगला सरळ रस्ता, आणि गाडी एकाएकी जागच्या जागी थांबली. मागून केळीचा ट्रक आदळला. आबा मागच्या सीटवर होते. दवाखान्यात पोचेपर्यंतही राहिले नाहीत. दाजींना नुसतं खरचटलं, आणि तेच त्यांना सोसवत नाही. कंपनीनं कळवलं, गाडीत दोष नाही, ब्रेक लागल्याची नोंद आहे. झालं! म्हणजे दाजींनीच दाबला. सगळ्या रावेरनं मान डोलावली. तेराव्याला सासूबाई भाऊबंदांसमोर म्हणाल्या, पायावर ताबा नव्हता, तं बापाले कशाले नेलं? तेव्हापासून त्या मुलाशी बोलत नाहीत. दाजी जेवताना घास हातात धरून आपल्या उजव्या पायाकडे बघत बसतात.

त्यानंतर तुझा फोन आला होता. रडत होतास. ब्रेक दाजींनी नाही दाबला, गाडीनं स्वतःच मारला म्हणालास. पलीकडच्या बाजूनं केळीची पानं लोंबत असलेला ट्रॅक्टर येत होता, ती पानं गाडीला भिंत वाटली. अरे, केळीचं पान आपल्याकडचं शेंबडं पोरही ओळखतं! ऑफिसात हे आधीपासून माहीत होतं, नंतर गुपचूप दुरुस्त केलं, हेही सांगितलंस. आणि वर मला आईची शपथ घातलीस की कुणाला बोलू नकोस, नोकरी जाईल. मी मूर्ख, गप्प बसले. भाऊ वाचवला आणि नवऱ्याला रोज मरताना पाहिलं. तुझ्या कंपनीचा मला राग आहेच, पण ती परकी. तू तर माझ्या पाठचा.

काल दाजी म्हणाले, मोहिनी, मीच दाबला असेल गं, मला आता आठवत नाही. मग माझ्याच्यानं राहवलं नाही. मोडली शपथ, सगळं सांगितलं. ते कितीतरी वेळ रडले. पण सासूबाईंना मी सांगून पटणार नाही, बायको नवऱ्याला सांभाळून घेते म्हणतील. ते तुझ्याच तोंडून यायला हवं. आखाजीच्या सणाला मुऱ्हाळी म्हणून मला माहेरी न्यायला येणार आहेस ना? ये. पण आधी रावेरला उतर, सासूबाईंसमोर बस, आणि ब्रेक कुणी मारला ते भाऊबंदांदेखत सांग. तिथून आलास तर मी पिशवी भरून उभी असेन. तसाच आलास, तर दार उघडणार नाही, आणि मोहिनी का आली नाही ते आईला तूच सांग. हे पत्र लिहिते म्हटल्यावर दाजींनी माझा हात धरला. म्हणाले, नको गं, पोराची नोकरी जाईल.

तुझीच,
अक्का