दुसऱ्या भागात काय वाजवलं

बाबा, काल एका कार्यक्रमात तोच व्हायोलिनचा कन्सर्टो पुन्हा ऐकला आणि सबंध वेळ तुमच्यावर चिडून बसले. मेलेल्या माणसावर चिडायला अक्कल लागत नाही म्हणा.

कारखान्याच्या क्लबात बाहेरगावचा ऑर्केस्ट्रा येणार म्हणून तुम्ही शिफ्ट बदलून घेतली होती. लेथवर डाव्या हाताची दोन बोटं गेल्यापासून तुमचं व्हायोलिन कारखान्याच्या पिपलानी वसाहतीतल्या आपल्या क्वार्टरमध्ये कपाटावर पडून होतं. घरात त्याचा विषय कुणी काढत नसे. त्या दिवशी स्कूटरवर मात्र तुमची बडबड थांबेना. "आधी व्हायोलिन, मग म्हणे बॅलेचं संगीत. नाचणारे नाहीत, नुसतं संगीत. आपणच डोळे मिटून नाच बघायचा." मी तेव्हा अकरावीत, कॉन्व्हेंटमधली, म्हणजे अतिशहाणी.

क्लबात कन्सर्टोचा संथ भाग सुरू होतो. वाजवणारी बाई वरच्या सुरावर जाते, थांबते, अलगद खाली उतरते. आणि तुम्ही, जन्मभर गणपतीतल्या गाण्याच्या बैठकीत पुढे बसून दाद देणारे, हात उंचावून मोठ्यांदा म्हणता, "वा! क्या बात है!" दाद दिली नाही तर कलाकाराचा अपमान होतो, हे मला तुम्हीच शिकवलेलं. पण तिथे सगळा हॉल चिडीचूप. पुढच्या रांगेतून मोठ्या साहेबांच्या पत्नी वळल्या. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. "बेटा, ये तुम्हारे साथ हैं?" मी म्हटलं, "नहीं, आंटी."

तुम्ही ऐकलंत. तो हात खिशात घातलात. मध्यंतरात म्हणालात, "तू बस, मी स्कूटरपाशी थांबतो." मी बसले. लाज वाटायची सोडून मला हायसं वाटलं, बाबा.

परतताना तुम्ही विचारलंत, "नाच दिसला का गं?" मी म्हटलं, "काही खास नव्हतं." एक थोबाडीत दिली असतीत तर बरं झालं असतं. पण तुम्ही महिन्याभरात व्हायोलिन कुणाला तरी देऊन टाकलंत, आणि रेडिओवर कितीही चांगलं गाणं लागलं तरी तुमच्या तोंडून पुन्हा 'वा' निघालं नाही. तीन वर्षांनी तुम्ही गेलात. तोवर रोज ताटाला ताट लावून जेवलो आपण, आणि मला 'चुकलं' एवढं म्हणता आलं नाही.

काल तो सूर उतरला तेव्हा माझ्या ओठांवर 'वा' आलं. शेजारच्या खुर्च्यांवरच्या लोकांकडे पाहिलं आणि गिळलं. म्हणजे अजून तशीच आहे मी.

हे पत्र कुठे टाकणार, घडी करून कपाटातल्या डब्यात ठेवीन. एक सांगायचं राहिलं. मध्यंतरानंतरचा दुसरा भाग फार सुंदर होता. मला नाच दिसला होता.