देवघराच्या खिडकीतली रेंज

॥ ग्रामदेवी प्रसन्न ॥

श्रावण वद्य षष्ठी

ती. ताईस,

धाकट्या कमलेचा वाकून नमस्कार. (गुडघ्याने परवानगी दिली तितकीच वाकले आहे, उरलेला नमस्कार मनातला धरावा.) डोळ्याचे ऑपरेशन छान झाले आणि आता तुला बाजारातली भेंडी कोवळी की जून हे रस्त्याच्या पलीकडून कळते, असे सुजय सांगत होता. सावर्ड्याच्या भाजीवाल्यांचे काही खरे नाही म्हणायचे. थेंब वेळेवर घाल आणि चुलीपुढे फार वाकू नकोस. आमच्याकडे ठीक. यांना श्रावणातला खोकला श्रावणात आला. कपिला व्याली, कालवड झाली, कपाळावर पांढरा टिळा आहे.

फोन सोडून पत्र का लिहिते, असे तुला वाटेल. आमचे घर खोलात, तिन्ही बाजूंनी डोंगर, वर आंबे-फणसांची दाटी. मोबाइलला घरात रेंज म्हणून नाही. बोलायचे तर सड्यावर देवीच्या देवळापर्यंत चढायचे, आणि तिथे अख्खी वाडी कानाला फोन लावून उभी. (गेल्या वर्षी तुला माझ्या मूळव्याधीचे सांगितले ना? मी खाली उतरेपर्यंत दोन घरांतून औषध येऊन पडले होते, आणि एकीने तर पथ्यही लिहून पाठवले.) म्हणून खाजगी असेल ते पत्रानेच बरे. तशी मध्यंतरी महिनाभर आमच्याकडे घरात रेंज होती. तीच हकिगत सांगायची आहे.

मुकुल दोन गणपतींना आला नाही, हे तुला माहीत आहे. एकदा रजा नव्हती, एकदा तिकीट. चैत्रात बोलता बोलता म्हणाला, “आई, आमच्या ऑफिसला आता कुठूनही काम केलेलं चालतं. घरी नेट असतं ना, तर मी महिना महिना येऊन राहिलो असतो.” ताई, त्याने सहज म्हटले असेल. पण मी सड्यावरून खाली आले ती ‘महिना महिना’ पदराला बांधूनच आले. तांदूळ निवडताना महिना महिना, वाती वळताना महिना महिना. जपाच्या माळेत एकदोनदा तेच तोंडात आले, देवाने समजून घेतले असेल.

वायरवाल्या नेटचा माणूस येऊन बघून गेला. म्हणाला, वाडीत घरे सात आणि खांब लागणार पन्नास, परवडत नाही. मला त्याचा राग आला नाही, मीही त्याच्या जागी असते तर हेच म्हटले असते. मग तुझ्या सुजयने तोड काढली. पांढरा डबा, त्यात मोबाइलचे कार्ड, घराबाहेर अँटेना. नदीपलीकडच्या टॉवरची रेंज अँटेनाने पकडायची, डब्याने घरभर वाटायची. मला पटले. पाटाचे पाणी बागेत वळवतो त्यातलाच प्रकार. यांना नाही पटले. “अगो, रेंज नाही म्हणून तर या घरात दोन घास सुखाने खातोय. उद्या तुझी सगळी नातेवाईक मंडळी ताटात येऊन बसतील,” म्हणाले. (यांच्या बाजूच्या नातेवाइकांना फोन परवडत नाही असे नाही, करायचा नसतो.)

खर्च माझ्या शिलकेतला होता, तेव्हा निकाल माझा. फक्त वहीत कुठल्या सदराखाली लिहावा ते कळेना. किराणा नव्हे, औषध नव्हे, बागेची खतफवारणी नव्हे. शेवटी ‘पाहुणे’ या सदरात घातला. पोटच्या पोराला पाहुण्यांत घालताना हात थोडा अडला, पण दुसरे सदर नव्हते.

सुजय आला आणि काखेत तो डबा नि अँटेना घेऊन, फोन समोर धरून घरभर असा फिरला की जणू विहिरीचे पाणी बघणारा पाणाड्या. पडवीत एक काडी. माजघरात शून्य. न्हाणीघरात दोन काड्या (हे लगेच म्हणाले, मुकुलला तिथेच खुर्ची टाकून देऊ, बंबाची ऊबही मिळेल). गोठ्यात अडीच. आणि देवघरात शिरला तर पूर्ण चार! दोन डोंगरांच्या मधल्या खिंडीतून तो टॉवर नेमका देवघराच्या खिडकीत उतरतो. सुजयने खिळा काढला, हातोडी उचलली, आणि मी आडवी उभी राहिले. सोवळ्याची जागा ती. तिथे सासूबाईंनी कधी घड्याळ लावू दिले नाही. “मावशी, दोन हात अलीकडे लावू का?” म्हणाला. दोन हात अलीकडे लावून बघितले तर एक काडी.

असा पेच पडला की आपल्याकडे विचारायची जागा एकच. दुसऱ्या दिवशी देवीला कौल लावला. सदू गुरवाने देवीच्या दोन्ही अंगांना फुलांचे कळे चिकटवले आणि गाऱ्हाणे घालायला उभा राहिला. मुलाबाळांसाठी, हरवलेल्या जनावरांसाठी त्याने जन्मभर गाऱ्हाणी घातली, पण हे त्यालाही नवीन. तरी गडी अडला नाही. “बा देवी म्हाराजा, तुझ्या लेकीनं जो काय डबा घरी आणलेला हाय, त्येला देवघरात जागा असंल तर उजवा दे. नि त्येची जी काय रेंज हाय ती वाऱ्यापावसात राखून घे म्हाराजा!” पाठीमागे फोनवर बोलणारे सगळे बोलणे थांबवून “व्हय म्हाराजा” म्हणाले. (त्यातला एक जण त्याच्या साहेबाशी बोलत होता. साहेबाला काय वाटले असेल कोण जाणे.) उजवा कळा पडला, ताई. मी डोळे पुसले.

डबा बसला. समईच्या बाजूला त्याचे निळे दिवे लुकलुकायला लागले. वरच्या घरची तुळसा भाजी द्यायला आली, तिने देवांना हात जोडले, मग डब्यालाही जोडले आणि एक जास्वंदही वाहिले. “तुळसा, तो देव नव्हे गो,” म्हटले. तर म्हणते, “ऱ्हाऊं दे वयनी, आत बसलाय तर त्येला काय उपाशी ठेवायचा?”

मग कळले की या नेटचा रोजचा शिधा ठरलेला असतो. दोन जीबी. आणि दिवसाकाठी उरेल ते दुसऱ्या दिवशी चालत नाही, फुकट जाते. ताई, आपल्या घरात उरल्या भाताला फोडणी मिळते, फणसाच्या आठळ्यासुद्धा वाळवून वापरतो, आणि इथे रोज पाव-अर्धा जीबी सांडायचा? मला बघवेना. तिन्हीसांजेला दिवा लावला की मी उरलेले वाटायला लागले. तुळसा पडवीत बसून गणपतीपुळ्याची आरती बघायची, सदू शेतीभाती आणि कीर्तने बघायचा. एकदा सगळ्यांनी एकदमच ताट पुढे केले, आणि आमचा मुकुल बोलता बोलता तोंड उघडे ठेवून थिजला. मला वाटले त्याला झटका आला. मी देव पाण्यात ठेवायला निघाले तेव्हा हे म्हणाले, “अगो, पोरगा बरा आहे, तुझं अन्नछत्र बंद कर.”

हो, मुकुल रोज दिसायला लागला. हे सांगायचे राहिलेच. रोज संध्याकाळी, पाटावर फोन उभा करून. पहिल्या दिवशी मी नऊवारी नेसून बसले होते. त्याच्या कानाशी केस पांढरे झालेत, ताई. सड्यावरच्या फोनवर ते ऐकू येत नव्हते. हात लावायला गेले तर फोन आडवा पडला. जेवायला बसला की ताट दिसते, ताटातली भाजी दिसते, कोणती ते कळते, मीठ बरोबर आहे की नाही ते कळत नाही. संकष्टीला उकडीचे मोदक केले होते. वेदिका म्हणाली, “आजी, मला.” सहा वर्षांची पोर, तिने तिकडून तोंड आऽ केले. मी मोदक फोनच्या तोंडाशी नेला. ती खोटे खोटे चावली आणि म्हणाली, “मस्त झालाय.” तो मोदक मग कोणीच खाल्ला नाही. सकाळी कपिलेला घातला. कालवडही तिने फोनमधूनच बघितली आणि विचारले, “तिचे कान मऊ आहेत का?” मी म्हटले, आहेत. आणखी काय सांगणार?

आणि परवा मुकुल एकदम खुशीत. “आई, काय भारी झालंय गं हे! आता गणपतीत धावपळच नको. तू मखरासमोर फोन ठेव, आम्ही इथून आरती म्हणू. महिना महिना काय, रोजच आहोत की आपण एकत्र!” मागून भार्गवी म्हणाली, “आई, मोदकांची काळजी करू नका, इथे विकत छान मिळतात.” मनाने चांगली आहे गो ती, मला धीर द्यायलाच म्हणाली. हे सुपारी कातरत होते, ती अख्खीच तोंडात टाकून बागेत निघून गेले. मी फोन उपडा ठेवला आणि देवघरात जाऊन बसले. मखर काढायचे होते माळ्यावरून, ते राहिले.

आणि दैव बघ, दुसऱ्याच दिवशी डबा बंद पडला. दिवा नाही, काही नाही. अँटेनेवर वानरे बसतात, त्यांनी काही केले की पावसाने, देव जाणे. मुकुल दिसत नाही, आम्ही पुन्हा सड्यावर. तरी सुजयला सांग की सवड काढून ताबडतोब यावे आणि डबा बघून जावे. येताना तुझे मेतकूट दे.

मेव्हण्यांना नमस्कार, सुनेला आशीर्वाद, नातवाच्या गालाला माझ्याकडून चिमटा.

तुझी,
कमला

ता.क. इथवर यांनी वाचले. “फार लांबवलंस, पण मुद्दा आलाय,” म्हणाले आणि आंघोळीला गेले. पाणी भरपूर तापवून दिले आहे, म्हणजे पुढचे लिहायला वेळ मिळेल. ताई, सुजयला पाठवू नकोस. डबा ठणठणीत आहे. मीच त्याची विजेची पिन काढून तांदळाच्या डब्यात पुरली आहे. देवांना दिसू नये म्हणून आधी त्यांच्यावर वस्त्र घातले होते, पण त्यांना ते कळल्याशिवाय राहिले असेल असे वाटत नाही. सड्यावरून मुकुलला सांगितले तेव्हा तो म्हणाला, “सुजयदादा बघेल. त्याला नाहीच जमलं तर गणपतीत मीच येऊन बघतो.” ऐकलेस ना? मीच येऊन बघतो. तेव्हा सुजयला जमता कामा नये.

ता.क. २. सुजय मुकुलशी खोटे बोलणार नाही, सरळ मुलगा आहे. म्हणून त्याला खरेच काम काढून दे. तुझ्या घराची सगळी वायरिंग बदलून घे. किती वर्षांची झाली ती, धोकाच आहे. मुकुल आला की पिन सापडेल, मग त्याने खुशाल महिना महिना देवघराच्या दारात बसून काम करावे. मी सोवळ्याचे बघून घेईन.

ता.क. ३. सौ. विमलताईंस चिंतामणीचा सा. नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिले होते, ते उघडून वरील मजकूर वाचला. सुजयला अनंत चतुर्दशीपर्यंत पाठवू नये. वायरिंगच्या खर्चात निम्मा वाटा माझा, हिला कळू देऊ नये. वेदिका बसायची त्या पडवीतल्या झोपाळ्याच्या कड्या फार कुरकुरत होत्या, त्यांना आज तेल दिले आहे.