मेणकापडाखालची लढाई

बाबा, परवा नातवानं मला शत्रू व्हायला बोलावलं. त्याचे दोघे मित्र आले होते, तिसरा ऐनवेळी आला नाही, म्हणून आजीची आठवण झाली. जेवणाच्या टेबलावर एवढा मोठा नकाशा, त्यावर आगबोटी, विमानं, रणगाडे, सगळं प्लास्टिकचं. लढाई कुठली, तर न झालेली. समजा उद्या अमक्यानं तमक्या समुद्रात नाकेबंदी केली तर काय, असलं काहीतरी. "आजी, तू फक्त फासे टाक, बाकी आम्ही सांगतो," म्हणाला. मी म्हटलं, मला येत नाही. पोरं हसली आणि खेळायला लागली. मी आपली स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी लावत बसले. काय मेलं ते, प्लास्टिकची विमानं! पण बाबा, ती पोरं 'पूल उडव, बंदर उडव' असं ओरडत होती आणि खिडक्या सताड उघड्या होत्या. मी येऊन एकेक खिडकी लावून घेतली. हे सांगायचं कोणाला? आई असती तर तिला न सांगता कळलं असतं. ती नाही, आणि तुम्हीही नाही, तरी तुम्हाला लिहिते.

भिलाई-३ च्या रेल्वे क्वार्टरमधला पासष्ट सालचा तो उन्हाळा आठवा. यार्डात डबे हलवताना, शंटिंगच्या वेळी घसरून तुमचा पाय मोडला होता. प्लास्टरमधला पाय स्टुलावर ठेवून तुम्ही दिवसभर यार्डाकडे कान लावून बसायचे. कुठली मालगाडी कुठल्या लाईनीवर घेतली हे नुसत्या आवाजावरून ओळखायचे, आणि चुकीच्या लाईनीवर घेतली की घरात बसून शिव्या द्यायचे. आई कावली होती. "ह्या माणसाले कोनी तरी कामाले लावा बाप्पा," असं ती भिंतीला सांगायची. मग एक दिवस तुम्ही जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून कणकेच्या खळीनं जोडली आणि नकाशा काढायला घेतला. दुर्गपासून आपल्या यार्डापर्यंतची लाईन, पोलादाच्या प्लांटात शिरणारे फाटे, राजहऱ्याहून लोखंडाचा दगड आणणारी लाईन, प्लांटला पाणी देणारा मरोद्याचा तलाव. तुम्हाला खोटं काढताच येत नव्हतं. रुळांचा सांधा जिथे असेल तिथेच, वळण जेवढं असेल तेवढंच. आपल्या डोळ्यांदेखत धानाच्या शेतांतून तो प्लांट उभा राहिला होता, तुमच्या यार्डातून त्याच्या लोखंडाचा तुकडा न् तुकडा गेला होता. तुम्ही तो नकाशा मनानंच काढला, एकदाही खोडरबर न वापरता.

"समज, उद्या लढाई लागली," तुम्ही म्हणाले. "मी भिलाई वाचवतो. तू दुश्मन."

"मी कावून दुश्मन?"

"कावून की मी यार्ड मास्तर होय. मी आपलंच यार्ड कसं उडवू?"

मी तेव्हा नववीत होते. चिंचोके म्हणजे शिपाई, माचिसच्या रिकाम्या डब्या म्हणजे गाड्या, बटणं म्हणजे विमानं, आणि फासे म्हणून कवड्या. नियम तुम्ही केले आणि ते सगळे रेल्वेचे केले. लाईन क्लिअर, म्हणजे पुढची लाईन मोकळी असल्याची परवानगी, मिळाल्याशिवाय कोणी हलायचं नाही, ना तुम्ही, ना मी. मी म्हटलं, "बाबा, दुश्मनानं लाईन क्लिअर कोनाले मागाची? तुमाले?" तेव्हा तुम्ही इतके हसले की प्लास्टरमधला पाय दुखायला लागला. आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "पोरीले धड पोळ्या येत नाई, अन् तुमी तिले बाँब टाकाले शिकवून राहिले." पण तीही मधूनमधून येऊन कोण जिंकतंय ते पाहून जायची. जेवायच्या वेळी नकाशावर मेणकापड पसरायचं, त्यावर ताटं. आमटी सांडली तरी लढाई कोरडी राहायची.

सुरुवातीला मी सपाटून हरले. सगळी विमानं प्लांटातल्या लोखंड वितळवणाऱ्या भट्टीवर पाठवायची, आणि तुमच्या तोफा तिथे टपून असायच्या. मग मी भट्टीकडे पाहणंच सोडून दिलं. तुम्हीच कधीतरी सांगितलं होतं की भट्टी आगीवर चालते असं लोकांना वाटतं, पण तिच्या अंगाभोवती पाणी सारखं फिरतं राहावं लागतं, नाही तर तीच जळते. मी सगळी बटणं पाण्यावर लावली आणि एक राजहऱ्याच्या लाईनीवर. लाल पेन्सिलीनं बाण काढले. माझ्या त्या गोल गोल अक्षरात लिहिलं: इथे बाँब. मग थांबायचं. भट्टी आपोआप मरेल. मला वाटलं तुम्ही शाबास म्हणाल. तुम्ही नकाशाकडे पाहिलं, मग उघड्या खिडकीकडे पाहिलं. "हे तुले कोनं सांगतलं?" मी म्हटलं, कोनीच नाई. "कोनाजवळ बोलू नको," तुम्ही म्हणाले, अगदी हळू. आणि मग, जरा हसून, "थांब. मले विचार करू दे." तुमची चाल राहिली ती राहिलीच. पाय बरा झाला, ड्यूटी सुरू झाली, तरी तुम्ही रविवारी मेणकापड उचलून त्या लाल बाणांकडे बघत बसायचे. उत्तर सापडत नव्हतं. मला कसला गर्व झाला होता म्हणून सांगू!

आणि पाऊस संपता संपता पाकिस्तानशी खरीच लढाई लागली.

दिवेलागण झाली की ब्लॅकआउट. खिडक्यांना काळे कागद, बल्बला आईच्या जुन्या काळ्या परकराचं टोपण. आपण असे अंधारात चाचपडत बसायचो, आणि तिकडे प्लांटात भट्टीचा तापलेला मळ ओतला की सारं आभाळ लाल व्हायचं, अंगणातलं तुळशीचं पान न् पान दिसायचं. भट्टी काय फुंकर मारून विझवता येते? त्या उजेडात मला वाटायचं, वर कोणीतरी बसलंय आणि त्याच्याजवळ माझाच नकाशा आहे. मी पाण्याचे नळ उघडून बघायचे, पाणी येतं का. पॅराशूटनं माणसं उतरली म्हणून रोज नवी बातमी. दुर्गच्या बाजारात एका परक्या माणसाला लोकांनी धरलं, त्याच्याजवळ नकाशा सापडला म्हणे. नकाशा निघाला लग्नाच्या मांडवाचा. मांडववाला होता बिचारा, पण तोपर्यंत त्याचे दात पडले होते. ही गोष्ट शाळेत सगळे हसत हसत सांगत होते. मला हसू आलं नाही.

त्याच आठवड्यात समोरच्या क्वार्टरमधले गार्डकाका आले. दंडाला पट्टी, गळ्यात शिट्टी. आपल्या क्वार्टरांच्या रांगेतला उजेड तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. भले माणूस, गोंदियाकडचे, माझ्या मुंजीच्या वयाच्या धाकट्या भावाला खांद्यावर घेऊन फिरायचे. तुम्ही त्यांना चहाला बसवलं. अंधारात कप कलंडला, आणि आईनं सवयीनं पुसायला मेणकापडाचं टोक उचललं. टॉर्च त्यांच्या हातात होताच. त्या उजेडात आधी यार्ड दिसलं, मग प्लांट, मग माझे बाण. काकांनी बोट ठेवून वाचलं. इथे बाँब.

"मास्तर, हे का होय?"

"खेळ होय. घरातला खेळ."

"खेळ," काका म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले, "खेळ." उरलेला चहा न पिता उठले आणि चप्पल घालून गेले. जाताना उजेडाबद्दल काहीसुद्धा बोलले नाहीत.

आई लगेच म्हणाली, "जाळा. आत्ताच्या आत्ता जाळा. शेगडी पेटून आहे." तुम्ही हललेच नाही. "जाळला तर मंग तो खेळ राहत नाई," तुम्ही म्हणाले. "राख पाहून मानूस वाट्टेल ते समजते. हा पाहून निदान चिंचोके तरी दिसतीन." आई नकाशावर वाकली. मग म्हणाली, "अन् पोरीचं अक्षर?" बाबा, त्या क्षणापर्यंत ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी भिंतीला टेकून खालीच बसले. तुम्ही माझ्याकडे पाहिलं आणि मेणकापड सारखं करून टाकलं.

सकाळी मी उठून आले तर तुम्ही टेबलाशी. ड्यूटीचे कपडे चढवलेले, हातात माझी लाल पेन्सिल. खोडरबरानं जमेल तेवढं पुसून तुम्ही माझा एकेक बाण आपल्या हातानं ओढता आहात. माझं गोल अक्षर जातंय, आणि त्याच्यावर तुमचं रजिस्टरातलं तिरपं अक्षर येतंय. इथे बाँब. मग थांबायचं. जीभ दातांत धरून, अगदी मन लावून लिहिता आहात. मी दारात आहे हे कळल्यावर मान वर न करता म्हणाले, "जा, दूध घेऊन ये." मी बरणी घेऊन गेले. रस्ताभर रडत गेले, आणि दूधवाल्यानं काय झालं विचारलं तर दात दुखतो म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुर्गहून पोलिसांचे एक साहेब आले, साध्या कपड्यात, हातात छत्री. गार्डकाका मागे खाली मान घालून उभे. साहेबांनी दाराशी बूट काढले. तेवढ्यानंच मला जास्त भीती वाटली, का ते माहीत नाही. आरडाओरडा नाही, काही नाही. स्वतःच मेणकापड गुंडाळून बाजूला ठेवलं.

"नक्शा किसने बनाया?"

"मैंने."

"और ये निशान?"

"वो भी मैंने."

"तो दुश्मन कौन खेलता है?"

"मैं ही खेलता हूँ. दोनों तरफ़ से."

साहेब माझ्याकडे वळले. "बेटी, तू खेलती है?" तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. आईचे हात कणकेत तसेच थांबलेले. मी म्हटलं, मुझे नहीं आता. आवाज माझा नव्हताच तो. मग ते तुम्हाला म्हणाले, दुर्गपर्यंत यावं लागेल. तुम्ही कोट घातला, बटणं लावली. खालचं एक बटण नव्हतं. ते माझं विमान झालं होतं. तुम्ही ते झाकायला कोटाच्या टोकाशी हात धरून चालत गेले.

त्या दिवसाबद्दल काय लिहू? आई बसल्या जागची उठली नाही. गार्डकाकांच्या बायकोनं डबा आणला, तो तसाच झाकून राहिला. भाऊ विचारायचा, बाबा कुठं गेले, आणि आई म्हणायची, ड्यूटीवर. मला एकसारखा तो मांडववाला दिसत होता. मी देवाला सांगितलं की पुन्हा कधी लाल पेन्सिल हातात धरणार नाही.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी तुम्ही पॅसेंजरमधून उतरून लाईनीच्या कडेकडेनं चालत आले. दात सगळे जागेवर होते. आई आधी हसली, मग भांडायला लागली की उपाशीच आले असाल. मी नळावर गेले असं समजून तुम्ही तिला स्वयंपाकघरात सांगत होते. मी दाराआडच होते.

"साहेब सारा वेळ नकाशाच पाहून राहिला होता. मंग म्हणे, बाबूजी, बचानेवाला और मारनेवाला एक आदमी नहीं है. बचानेवाला नियम से चलता है. दूसरा सोचता है."

"माय गं! मंग?"

"मंग का, त्यानं नकाशाची घडी केली. मंग म्हणे, घर जाइए. नक्शा यहीं रहेगा. और वो जो दूसरा है, उससे बोलिए, पढ़ाई करे."

"म्हणजे समजलं त्याले."

"समजलं." तुम्ही हसले. त्या हसण्यात केवढा अभिमान होता, बाबा, मला दाराआडूनही कळला. आणि मग तुमचा आवाज खाली आला. "मले लई भेव वाटलं वं," तुम्ही आईला म्हणाले. बाप घाबरतो हे मी पहिल्यांदा ऐकलं.

लढाई थांबली, काळे कागद निघाले. मी एक दिवस कॅलेंडरचं कोरं पान घेऊन तुमच्यापुढे आले. तुम्ही ते हातात घेतलं, घडी घातली आणि परत दिलं. "नाई. तो खेळ आता नको खेळू. कोनासंगच नको."

"कावून?"

"कावून की तुले येते," तुम्ही म्हणाले, आणि ड्यूटीवर गेले.

मी पढाई केली. गणित शिकवण्यात जन्म गेला, सारीपाटालासुद्धा बसले नाही. पण कुठल्याही नव्या गावी गेले की तिथे पाणी कुठून येतं ते मला आधी दिसतं, आणि मी डोळे दुसरीकडे वळवते. हे मी घरात कोणाला सांगितलेलं नाही.

आज दुपारी, पोरांचा तो खेळ आठवून डोळा लागत नव्हता तेव्हा, तुमची राहिलेली चाल मला सापडली. खरंच सापडली. तुम्हाला दाखवावी म्हणून ह्याच पत्राच्या पाठीमागे यार्ड काढायला घेतलं. दुर्गकडून येणारी लाईन झाली, पहिला सांधा झाला, आणि दारावरची बेल वाजली. मी कागद गादीखाली सारला. वर उशी ठेवली. मग दार उघडलं. कुरिअरवाला होता, नातवाचं पार्सल घेऊन. "आजी, बरं नाही का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, दात दुखतो. तो गेल्यावर पाठीमागचं सगळं खोडरबरानं पुसून काढलं, कागद फाटेपर्यंत.

तुम्ही जिंकता, बाबा. अगदी शेवटी, पण तुम्हीच जिंकता. कसे, ते लिहीत नाही. कागदावर लिहायचं मला अजून भेव वाटते.